तीन थर खाली

मंगळवार, २

ऑफिसची वही आहेच, पण तिच्यात जे नक्की आहे तेवढंच लिहायचं असतं. नक्की असं फार थोडं निघतं. उरलेलं डोक्यात फिरत राहतं आणि मी भाजीत दोनदा मीठ घालते. म्हणून ही दुसरी वही.

साहेबांनी, म्हणजे नगरपालिकेच्या इंजिनिअरांनी, आज नवं काम दिलं. वरच्या कार्यालयाला गावाचा आपत्ती-इतिहास हवा आहे. शंभर वर्षांत पूर किती आले, वादळं किती, आगी कुठे लागल्या, दरड कुठे कोसळली, माणसं किती गेली. त्यावरून धोक्याचा आराखडा होणार आणि आराखड्यावरून निवाऱ्याची जागा ठरणार. मुदत तीस तारखेची. साहेब म्हणाले, तक्ता तुम्ही करा आणि खाली सहीही तुमचीच असू द्या, मला श्रेय नको. मी अजून हंगामीच आहे, दीड वर्ष झालं. इतका मोकळा माणूस वरिष्ठ म्हणून मिळायला नशीब लागतं.

आईला सांगितलं तर म्हणाली, सहीच्या आधी नीट वाच. आईला वाचता येत नाही, म्हणून तिचा वाचण्यावर फार विश्वास.

गुरुवार, ४

बडे कारकून मला ‘आपत्तीबाई’ म्हणायला लागलेत. सकाळी दारातूनच, “आल्या आपत्तीबाई, आता काहीतरी कोसळणार.” पण जुन्या फायलींची खोली त्यांनीच उघडून दिली, शिंकत शिंकत दोन तास सोबत बसले.

तक्त्याला पाच रकाने आखलेत: वर्ष, प्रकार, कुठे, किती, स्रोत. शेवटचा माझा मीच वाढवला. कोणी सांगितलं ते लिहिलं नाही तर मला झोप येणार नाही. आत्तापर्यंत अकरा ओळी झाल्या. लाकडाच्या वखारीची आग, दोन वादळं, खाणीच्या रस्त्यावरची दरड. बाकी सगळे पूर. ‘मृत’ असं लिहून पुढे आकडा टाकताना प्रत्येक वेळी पेन थांबतं. एका ठिकाणी ‘चार व एक तान्हे’ असं आहे. तक्त्यात पाच लिहायचे का? शेवटी जसं होतं तसंच लिहिलं.

पुरांची उंची मात्र सोपी आहे. नदीकाठच्या पंपघराच्या भिंतीवर प्रत्येक जुन्या पुराची लाल रेघ आहे आणि शेजारी वर्ष. ती वर्षं माझ्या अक्षरात आहेत. बारा वर्षांपूर्वी त्या भिंतीचा नवा गिलावा बाबांनी केला. बाबा गवंडी. त्यांना आकडे काढता येत नाहीत म्हणून त्यांनी रेघा मारल्या आणि अकरा वर्षांच्या मला शिडीवर चढवून वर्षं लिहायला लावली. माझं पहिलं सरकारी काम, असं आज मी बड्या कारकुनांना गमतीने म्हटलं.

शुक्रवार, ५

सगळ्यात मोठा पूर सत्तर वर्षांपूर्वीचा. तो पाहिलेल्यांपैकी आता म्हातारी सुईण तेवढी उरली आहे. अर्ध्या गावाला तिने जगात आणलं, मलाही. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे मी ओरडून विचारलं आणि तिने ओरडून सांगितलं, आणि सगळी आळी गोळा झाली.

ती तेव्हा दहा वर्षांची होती. लोकांना शाळेच्या हॉलमध्ये ठेवलं होतं, तिला आईने बाकावर उभं केलं होतं आणि ती सकाळपर्यंत बाकावरच होती. का, म्हणून विचारलं तर माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच बहिरी. म्हणाली, “खाली पाणी होतं ना गं. गुडघाभर.”

हॉलमध्ये पाणी येऊच शकत नाही. हॉल पुराच्या रेघेच्या वर आहे, म्हणून तर तो गावाचा निवारा आहे. वय झालंय तिचं. तरी लिहून ठेवलं.

मंगळवार, ९

शाळेत गेले. मोठ्या बाईंनी, ज्यांनी मला चौथीत शिकवलं आणि आता मुख्याध्यापिका आहेत, स्वतः उठून कपाट उघडलं. निवाऱ्याच्या योजनेतून शाळेला नवं छप्पर मिळणार आहे, त्या खुशीत होत्या. जुनी नोंदवही सापडली. त्या पुराच्या वर्षी कोणा मास्तरांनी बारीक अक्षरात लिहिलं आहे: ‘वर्गांत व हॉलमध्ये पाणी. कपाटाचे खालचे दोन खण भिजले. हजेरीपुस्तके दोरीवर वाळत घातली. शाळा एकवीस दिवस बंद.’

चार वेळा वाचलं. मोठ्या बाईंना दाखवलं नाही. का दाखवलं नाही हे मलाच माहीत नाही, आणि दिवसभर त्याचंच वाईट वाटतंय.

बुधवार, १०

नकाशावरून हिशेब केला. हॉलची जमीन सगळ्यात वरच्या रेघेपेक्षा आठ इंच उंच. म्हणजे मास्तर आणि सुईण दोघंही खोटे, किंवा रेघ खोटी.

साहेबांना सांगितलं. ते हसले नाहीत, रागावलेही नाहीत. म्हणाले, भिंतीवरची खूण हा पुरावा, बाकी आठवणी. मग म्हणाले की फार खोलात जाऊ नका, शाळा बदलली तर दुसरी जागा कोण देणार? वरच्या खाणीची शेड? तिथवर म्हाताऱ्यांना कोण चढवणार?

त्यांचंही बरोबर आहे. तीच तर पंचाईत आहे, प्रत्येकाचं ऐकलं की त्याचंच बरोबर वाटतं.

शनिवार, १३

सुट्टी असूनही पंपघरावर गेले. टेप लावून सगळ्या रेघा मोजल्या. रेघांमधलं अंतर जुन्या फायलीतल्या अंतराशी तंतोतंत जुळतं. म्हणजे रेघा एकमेकींशी बरोबर आहेत, पण सगळ्या मिळून चूक आहेत. सगळ्याच्या सगळ्या खाली घसरल्यासारख्या. असं कसं होईल?

रेघा मारणाऱ्याला विचारायला हवं. गावात बाबांना ‘ओळंबा’ म्हणतात, भिंत सरळ आहे का ते बघायला दोरीला वजन बांधून टांगतात त्यावरून. त्यांची भिंत बघायला दुसरे गवंडी येतात. आणि मी जाऊन काय विचारणार?

घरी आले तर ते ओट्यावर बसून थापी घासत होते. म्हणाले, उन्हात कुठे गेली होतीस. मी म्हटलं, काम होतं. त्यांनी उठून पाणी आणून दिलं.

रविवार, १४

विचारलं.

सकाळी आई नळावर गेली होती. मी फार गोल गोल बोलले, कागद, नकाशा, मास्तर. बाबा ऐकत राहिले. मग उठले, माझ्या फळीवरून शाळेची दहाबारा पुस्तकं घेतली आणि जमिनीवर एकावर एक रचली. एक दोरी घेतली. जुना गिलावा काढला की रेघा जाणार, म्हणून आधी त्यांची मापं घ्यायची होती. टेपवरचे आकडे त्यांना वाचता येत नाहीत. ते दोरी टांगतात आणि गाठी मारतात. खालची जमीन चिखलाची, दर वर्षी बदलणारी, तिचा भरवसा नाही. म्हणून दोरी भिंतीच्या माथ्यावरून टांगली. त्यांनी पुस्तकांच्या ढिगावरून दोरी सोडून दाखवली आणि तीन गाठी मारल्या.

मग वरची तीन पुस्तकं काढून बाजूला ठेवली. आणि तीच दोरी पुन्हा ढिगावरून सोडली.

सगळ्या गाठी खाली आल्या.

मापं घेतल्यावर मधल्या दोन दिवसांत कंत्राटदाराने भिंतीचे वरचे तीन थर, ढिले झालेले दगड, उतरवून घेतले होते. बाबा तेव्हा दुसऱ्या कामावर होते. परत आल्यावर त्यांनी नव्या माथ्यावरून दोरी टांगली, रेघा मारल्या. एकेक थर नऊ इंचांचा. तीन थर, सव्वादोन फूट.

“कधी कळलं तुम्हाला?” मी विचारलं.

“आठवड्याने. रस्त्याकडेला दगड रचलेले दिसले. मोजले.”

कंत्राटदाराला त्यांनी सांगितलं होतं. तो म्हणाला, रेघाच तर आहेत, त्यावर काय छप्पर ठेवायचंय? आता तो हयात नाही. मी विचारलं की मग बारा वर्षांत दुसऱ्या कोणाला का नाही सांगितलं. बाबा पुस्तकं एकेक करून परत फळीवर लावत होते. उलटी लावत होते, मी तशीच राहू दिली. म्हणाले, “तू आकडे फार सुबक काढले होतेस.”

मी काय विचारते आणि ते काय सांगतात. इतका राग आला की बाहेर जाऊन उभी राहिले.

सव्वादोन फुटांतून आठ इंच गेले, एक फूट सात इंच उरले. हॉलमध्ये जमिनीवर गाद्या घालून म्हाताऱ्यांना झोपवतात. गुडघाभर.

मंगळवार, १६

बाबा दोन दिवस बोललेले नाहीत. माझ्यावर चिडलेत, आणि त्यांचं चुकीचं नाही. लेकीला शिकवलं ते बापाची चूक काढायला, असं कोणालाही वाटेल. कामावरून येतात, हातपाय धुतात, भिंतीकडे तोंड करून बसतात.

आईला सगळं सांगितलं. तिला आश्चर्य वाटलं नाही. सात वर्षांपूर्वी मध्यम पूर आला तेव्हा सगळी आळी शाळेत गेली आणि बाबा आम्हाला ओढत वर खाणीच्या शेडमध्ये घेऊन गेले होते. मी ताप अंगावर घेऊन चढले होते. लोक कितीतरी दिवस हसत होते. आई म्हणाली, तेव्हाच मला वाटलं होतं, हा माणूस काहीतरी गिळून बसलाय. आणि मग सहज, कपडे घड्या घालता घालता, म्हणाली की भिंत झाल्यावर पंधरा दिवस येईल त्याला पंपघरावर न्यायचे, माझ्या पोरीने लिहिलंय म्हणून दाखवायचे. स्वतःच्या रेघांबद्दल अवाक्षर नाही.

चुकीच्या भिंतीची एवढी मिरवणूक. ऐकून जास्तच ओशाळल्यासारखं झालं.

शुक्रवार, १९

साहेबांना थराची गोष्ट सांगितली, बाबांचं नाव न घेता. ‘कामावरचा एक गवंडी’ म्हटलं. साहेबांना अर्थातच माहीत आहे कोण. मजुरांच्या हजेरीचं मस्टर त्यांच्याच कपाटात असतं. त्यांनी दार लावून घेतलं आणि फार मायेने बोलले. म्हणाले, तक्त्यात फक्त ‘पंपघरावरील खुणेनुसार’ असं लिहा. खूण आहे की नाही? आहे. तेवढ्या उंचीवर आहे की नाही? आहे. मग यात खोटं काय? घरच्या माणसाचं नाव खराब होत नाही, शाळेचं छप्पर होतं, पुढच्या महिन्यात कायम करायच्या यादीत तुमचंही नाव जाईल.

मी त्यांना म्हटलं, मग सही तुम्ही कराल का सोबत? नुसतं मनात आलं ते तोंडातून गेलं. ते म्हणाले, छे, हे तुमचं काम, मी कशाला मध्ये. चांगला माणूस आहे, पण आज त्यांचे आभार न मानताच खोलीतून बाहेर आले.

ओळ लिहून पाहिली. ‘पंपघरावरील खुणेनुसार.’ एकही शब्द खोटा नाही. खोडली. पुन्हा लिहिली.

सोमवार, २२

तीन दिवस तीच ओळ. आज जेवताना बाबांनी विचारलं, तक्त्याचं काय झालं. आठवड्याभरातलं पहिलं वाक्य. मी म्हटलं, उंचीच्या रकान्याशी अडलंय. म्हणाले, “अडायला काय झालं. तीन थर मिळव.”

मी म्हटलं, स्रोत लिहावा लागतो. कोणी सांगितलं ते.

त्यावर ते जेवत राहिले. आईने त्यांच्या ताटात वाढलं, तेही बघितलं नाही. उठताना म्हणाले, बैठक कधी आहे. बुधवारी, मी म्हटलं. विषय तिथेच संपला. मला वाटतं त्यांना भीती वाटतेय की मी सगळ्यांसमोर नाव वाचेन. मी वाचणार नाही. उंची दुरुस्त करेन, स्रोतात मास्तरांची वही आणि सुईण लिहीन. त्यांचं नाव कशाला. माझ्या सहीत ते मधोमध असतंच.

बुधवार, २४

जमेल तसं लिहिते.

बैठकीला नऊ माणसं. अध्यक्ष, साहेब, मोठ्या बाई, सदस्य, कोपऱ्यात बडे कारकून. मी तक्ता वाचला. पुराच्या ओळीवर आले आणि म्हटलं की खुणा सव्वादोन फूट खाली आहेत आणि शाळेच्या हॉलमध्ये पाणी येतं. एकदम गलका झाला. एक सदस्य म्हणाले, म्हातारीच्या सांगण्यावरून शाळा बुडवता का? अध्यक्षांनी विचारलं, खुणा खाली आहेत याला आधार काय? मी नोंदवही पुढे केली. साहेब टेबलाकडे बघत होते. म्हणाले, मी यांना सांगितलं होतं की जपून.

स्रोत अपुरा होता आणि मला ते माहीत होतं, मीच तो अपुरा ठेवला होता.

तेव्हा दार उघडून बाबा आत आले. कामावरून तसेच, कोपरापर्यंत चुना, अनवाणी. चपला बाहेर काढून आले होते. शिपाई मागून ‘अहो, अहो’ करत होता. बाबा कोणाकडेही न बघता म्हणाले, “त्या खुणा मी केल्यात. तीन थर खाली आहेत. पोरीला त्यातलं काही माहीत नव्हतं.”

तेच सदस्य म्हणाले, “म्हणजे ओळंबाच वाकला म्हणायचं.” हसले बरेच जण.

“ओळंबा सरळ होता, दादा,” बाबा म्हणाले. “मी टांगला चुकीच्या जागी.”

अध्यक्षांनी खुर्ची द्यायला सांगितली, ते बसले नाहीत. दोरी, माथा, थर, सगळं परत सांगितलं, या वेळी टेबलावरच्या फायली रचून. शेवटी ठरलं: शाळा रद्द. निवारा म्हणून खाणीची शेड. मोठ्या बाई उठताना माझ्यापाशी थांबल्या. “तुला मी शिकवलं,” एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. ते कौतुक नव्हतं.

गुरुवार, २५

नळावर आईला ऐकवलं गेलं. एकीने विचारलं, तुमच्या घराच्या भिंती तरी मोजल्यात का? आई म्हणाली, मोजल्यात, तुझ्या जिभेपेक्षा सरळ आहेत. घरी येऊन मात्र बादली ठेवून नुसती बसून राहिली.

बाबांना एका ठिकाणाहून निरोप आला, उद्यापासून नको. दुपारच्या सुट्टीत घरी येऊन मी त्यांची माफी मागितली. कशाची, म्हणाले. तुमचं नाव, असं काहीतरी म्हटलं. ते म्हणाले, जेवण वाढ. दोन वेळा मागून घेतलं आणि बसल्या जागी झोपले, दुपारचे, घोरत. कामावरून काढलेला माणूस असा झोपतो? मनाला फार लावून घेतलं असणार, त्याचाच थकवा.

साहेबांनी मला दिवसभर हाक मारली नाही. बडे कारकून चहा घेऊन आले, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “आपत्तीबाई, पुढच्या महिन्याच्या यादीत नाव नाही तुमचं.” मग कपाकडे बोट दाखवून, “साखर जास्त घातलीय.”

सोमवार, २९

तक्ता पक्का करून घरी आणला, उद्या सकाळी द्यायचा. सत्तावीस ओळी. डोळे चुरचुरतात, पण निदान संपलं, असं वाटलं. मी बाबांना शेवटची ओळ वाचून दाखवली: निवाऱ्याची जागा, खाणीची शेड, पुराच्या रेघेपेक्षा साठ फूट वर, धोका नाही.

ते म्हणाले, “पुन्हा वाच.”

वाचली.

“‘धोका नाही’ हे कोणी सांगितलं?”

मी म्हटलं, पूर तिथवर येत नाही. ते म्हणाले, पूर नाही येत. मग सांगायला लागले, सावकाश, मला लिहिता यावं अशा बेताने. चार वर्षांपूर्वी खाणीचा रस्ता रुंद केला तेव्हा शेडच्या मागे डोंगर धरून ठेवायला भिंत बांधली. त्या कामावर तेही होते. अशा भिंतीत पाणी निचरायला दर चार हातांवर भोकं ठेवावी लागतात. घाई होती, मुकादम म्हणाला राहू दे, आणि भोकं ठेवायची राहूनच गेली. मोठ्या पावसात मागे पाणी साठलं तर भिंत शेडवर येईल. आणि मोठ्या पावसातच लोक तिथे असतील.

मी विचारलं, बुधवारी का नाही बोललात?

“बुधवारी मला तेवढंच जमलं.”

आई चुलीपाशी होती, ती वळली नाही. बाबा म्हणाले, भोकं आजही पाडता येतात, दोन माणसांचं चार दिवसांचं काम. पण कागदावर आल्याशिवाय त्या भिंतीला कोणी छिन्नी लावू देणार नाही. “लिही. आणि या वेळी माझं नाव घाल. पूर्ण घाल. कोणीतरी सांगितलं, असं नको.”

मी अठ्ठाविसावी ओळ घालून पाहिली. स्रोताच्या रकान्यात त्यांचं पूर्ण नाव मावेना. तो रकाना मी एका शब्दापुरता आखला होता. अरुंद अक्षर काढलं तर बसलं असतं. पण कोणाला वाचता आलं नसतं. मी नवा कागद घेतला आणि पट्टी लावून रेघा पहिल्यापासून मारायला सुरुवात केली, शेवटचा रकाना रुंद ठेवून. बाबांचे गुडघे दुखत होते, ते दोनदा म्हणाले तसं. मी म्हटलं, तुम्ही आडवे व्हा, सगळ्या ओळी उतरवायला वेळ लागेल. ते म्हणाले, लागू दे, आणि कागदाचं खालचं टोक उडू नये म्हणून हाताने दाबून धरून बसले.